झाडावर चालणारा माणूस आणि ओपीचा बाप

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

'तिकडं टीव्हीवर काय बघता' असं तुम्ही विचारलंत. फोनवर आई मध्येच भाजीचे भाव सांगायला लागते आणि माझं राहूनच जातं, म्हणून लिहूनच पाठवते.

सध्या आमच्याकडे 'द अँडी ग्रिफिथ शो' चालू आहे. मालिका १९६० ते १९६८ मधली, पहिली पाच वर्षं तर कृष्णधवल. मेबेरी हे गाव काल्पनिक, पण आमच्याच राज्यातलं. अँडी टेलर तिथला शेरीफ, आपला फौजदार म्हणा ना, पण कमरेला पिस्तूल लावत नाही. बायको वारलेली, घर त्याची आत्या सांभाळते. आणि ओपी नावाचा मुलगा.

एक भाग सांगते, १९६२ चा. ओपीला खोट्या गोष्टी रचायची सवय; सकाळीच त्यानं ब्लॅकी नावाच्या काल्पनिक घोड्याच्या नावानं घरच्यांची फिरकी घेतलेली. नंतर सांगतो, रानात मिस्टर मॅकबीव्ही भेटले. ते झाडांच्या शेंड्यांवर चालतात, डोक्यावर चांदीची टोपी, जादाचे बारा हात, आणि चालताना छुमछुम वाजतं. वर त्यांनी दिलेली कुऱ्हाड घेऊन येतो, मग पैसे! अँडी त्याच्याबरोबर रानात जाऊन हाका मारतो, कोणी नाही. (बाबा, तुम्ही एव्हाना माझा कान पिरगाळला असतात.) अँडीही मार द्यायच्या बेतानंच ओपीच्या खोलीत जातो. एवढंच म्हण, की हे सगळं खोटं आहे, मग विषय संपला, असं सांगतो. पोराला ते जमत नाही. तो उलट विचारतो, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का? अँडी गप्प होतो, आणि मग म्हणतो, आहे.

खाली आल्यावर हाताखालचा बार्नी विचारतो, म्हणजे त्या मॅकबीव्हीला तू खरा मानतोस? अँडी म्हणतो, नाही. पण ओपीला मानतो.

मॅकबीव्ही खरा निघतो, टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारा माणूस. टोपी म्हणजे हेल्मेट, हात म्हणजे पट्ट्याला लटकवलेली हत्यारं. पण अँडीनं विश्वास टाकला तो हे कळायच्या आधी, सगळा पुरावा विरुद्ध असताना, आणि तोही पोलीसवाला असून! मला तो बाप आवडतो तो एवढ्यासाठी.

ओपीचं काम करणारा रॉन हॉवर्ड पुढे मोठा दिग्दर्शक झाला. सुरुवातीच्या संहितेत ओपी बापाला चुरूचुरू उत्तरं देणारा होता. रॉनच्या वडिलांनी, तेही नटच, अँडीचं काम करणाऱ्या ग्रिफिथना सुचवलं की पोराला बापाबद्दल आदर असला तर? ते त्यांनी ऐकलं. पडद्यावरच्या बापामागे असा एक खरा बाप उभा आहे.

सगळंच गोड नाही हं. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, फेब्रुवारीत, इथून जवळच्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले, कारण तिथं त्यांना बसून खायला देत नसत. मेबेरीत मात्र असे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. इथले म्हातारे 'तो काळ किती साधा होता' म्हणतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणाला?

तरी ओजसबरोबर बघते. परवा त्यानं सांगितलं, शाळेच्या मागं कोल्हा येतो. हे म्हणाले, कुत्रा असेल. मी म्हटलं, आधी ऐकून तर घ्या. कोल्हा की कुत्रा, अजून लागलेलं नाही.

तुम्ही मे महिन्यात आलात की पुलन पार्कमध्ये जाऊ. तिथं अँडी आणि ओपीचा पुतळा आहे, खांद्यावर गळ टाकून मासे धरायला निघालेले. फार चालावं लागत नाही, गुडघ्यांची काळजी नको.

येताना थालीपिठाची भाजणी आणा. गोडा मसाला नको, इथं मिळतो. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र पुरतील एवढ्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. आईला सा. न.

तुमची,
सुमा