केसाच्या गोळीवरून

चिऊ बाळा,

रविवारी तू मधातच फोन ठेवून दिला, तव्यावरची भाकर करपली अन् बाबांनी काही न बोलता तीच खाल्ली. भांडायसाठी नाई लिहून राहिली. तू ऐकून घेतलं नाई तेवढंच सांगते.

दिवाळीत तू ती केसाची अन् स्किनची गोळी देऊन गेली ना, बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनची, १०,००० मायक्रोग्रॅम वाली, ती मी रोज घेतली. खोटं काऊन सांगू, हौसेनं घेतली. नखं तुटणं कमी झालं असं वाटलं, पण कंगव्यात केस तेवढेच. चेहऱ्याले तं काहीच फरक नाई, दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईले काय चमक येणार म्हणा. मंग संक्रांतीनंतर थायरॉईडचं रक्त दिलं तं टीएसएच एकदम ०.०९. टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड वाढलं म्हणे, म्हणून इथल्या डॉक्टरनं माही थायरॉईडची गोळी ७५ ची ५० केली. महिन्याभरात मी अशी ढेपाळली का धुऱ्यावरच बसून जात होती, सकाळी चप्पल पायात जात नव्हती एवढी सूज.

यवतमाळच्या मॅडमनं विचारलं, अजून काय घेता? मी पिशवीतून बाटली काढली अन् त्यांनी कपाळाले हात लावला. म्हणे रोज लागते ३०-४० मायक्रोग्रॅम, अन् तुम्ही घेऊन राहिल्या १०,०००. काही मशीनच्या टेस्टमधेच बायोटिन वापरतात म्हणे, रक्तात ते जास्त असलं का मशीन फसते, थायरॉईड वाढलेलं नसलं तरी वाढलेलं दाखवते. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टही कमी दाखवू शकते, अमेरिकेत औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीएनं २०१७ मधेच सावध केलं होतं. तीन दिवस बंद ठेवून परत रक्त दिलं तं टीएसएच ७.८! म्हणजे थायरॉईड तं कमीच होतं अन् आम्ही गोळी अजून कमी केली.

तुले दोष नाई देत. तुले माह्या केसांची काळजी वाटली याचंच मले किती बरं वाटलं. पण तूही तेच खाऊन राहिली, म्हणून म्हणते, रक्त देताना आधी सांगत जा. अन् मी विचारणार नव्हती, पण जेवते ना?

भादव्यात डेंग्यू झाला तुले, केस गळणं डिसेंबरात सुरू झालं. मॅडम म्हणे मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतातच, मंग आपोआप येतात. पण हिमोग्लोबिन ९.४ आहे ते? रिपोर्टचा फोटो तूच टाकला होता. ते काय या गोळीनं वाढते माय? सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी मीटिंग, रात्री कंटाळा आला म्हणून मॅगी. हिंजवडीत एवढा पगार कमावते, गावात मी सगळ्यांले सांगत फिरते, अन् पोरगी उपाशी झोपते का काय हे मात्र मले माहीत नाई. झालं, लेक्चर झालं. माफ कर.

चौथीत उवा झाल्या होत्या तेव्हा मी तुही वेणी कापली, आठवते? दोन दिवस बोलली नाई माह्याशी. ती वेणी तू तुरीच्या कोठीत लपवली, दाळ करायले तूर काढली तं हातात आली, मी केवढ्यानं ओरडली. ट्रंकेत आहे अजून, लाल रिबीनसकट. परवा काढून पाहिली, मनगटाएवढी जाड. तेव्हा तू कोणती गोळी खात होती? ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी, तीही रडत रडत.

नाई, परत तिथंच आली मी.

बाजूच्या काकूचा पोरगा शुक्रवारी पुण्याले येऊन राहिला. त्याच्याजवळ जवसाची चटणी, भाजलेली फल्ली अन् तिळाचे लाडू देते. अंडी तिथंच घे, पण उकडून खा, कच्ची नको, कच्च्या पांढऱ्यानं ते बायोटिन अंगी लागत नाई म्हणे. तुह्या त्या बाटलीत मी सांबाराचं बी भरून ठेवलं आहे, झाकण चांगलं घट्ट बसते. चटणीचा डबा आजीचा आहे, परत आण. अन् होळीले येशील तेव्हा रक्त इथंच देऊ, गोळी दोन-तीन दिवस आधी बंद कर.

रात्री काय जेवली तेवढं मेसेज कर.

तुही आई