९९.९ टक्के जंतू मारले, पण कुठे?

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

जंतुनाशकाच्या बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतू मारते’ असं ठसठशीत छापलेलं असतं. ते कुठे मारले, याचा पत्ता नसतो. प्रयोगशाळेत मी याच चाचण्या करते, म्हणून लिहिते आहे.

परीक्षानळीत जंतू द्रवात मोकळे तरंगत असतात, औषध त्यांना चहूबाजूंनी गाठतं. टेबलावरचा जंतू असा आयता सापडत नाही. तो वाळलेला असतो, रक्ताच्या नाहीतर लाळेच्या थरात दडलेला. म्हणून कठीण पृष्ठभागासाठी वेगळी चाचणी आहे. स्टेनलेस स्टीलची १ सेंमीची चकती घ्यायची, तिच्यावर प्रथिनं मिसळलेल्या जंतूंचा १० मायक्रोलिटरचा थेंब वाळू द्यायचा आणि वर ५० मायक्रोलिटर औषध सोडायचं. वेळ भरली की न्यूट्रलायझर, म्हणजे औषध निष्प्रभ करणारं द्रव्य, घालून औषधाचं काम तिथेच थांबवायचं. मग उरलेले जंतू पोषक थराच्या प्लेटवर वाढवून मोजायचे. नळीत दिमाखात पास झालेलं औषध या चकतीवर आपटलेलं मी पाहिलं आहे.

न्यूट्रलायझर वगळला, किंवा चुकीचा वापरला, तर औषध प्लेटवरही जंतूंना दाबून धरतं. ते मेलेले नसतात, पण अहवालात ‘वाढ नाही’ अशी नोंद होते. कोऱ्या प्लेटवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

आकड्याचंही तसंच. १० लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी १,००० उरतात, ९९.९९९ टक्के मेले तर १०.

आणि वेळ? ‘१० मिनिटं ओलं ठेवा’ हे मागच्या बाजूला, भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरात. फडकं फिरवलेलं टेबल त्याच्या कितीतरी आधी सुकतं. सुती फडकं असेल तर क्वाटर्नरी अमोनियम या नेहमीच्या जंतुनाशक घटकाच्या औषधाचा बराच अंश ते स्वतःच धरून ठेवतं. मग बोल लागतो तो सफाई करणाऱ्याला.

तेव्हा विनंती अशी: पृष्ठभागावर वापरायच्या औषधाला परवाना देताना निव्वळ नळीतला निकाल ग्राह्य धरू नये. वाळलेल्या, घाणीसकट जंतूंवरची चाचणी सक्तीची करावी आणि न्यूट्रलायझर तपासल्याचा पुरावा अहवालातच मागावा. कोणते जंतू, किती मिनिटांत, हे दर्शनी बाजूला छापायला लावावं, त्या ९९.९ च्याच आकाराच्या अक्षरात.

निर्णयाआधी एकदा ही चाचणी पाहायला या. थेंब वाळेपर्यंत थांबावं मात्र लागेल.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ