‘क्रमवार’ शब्द गाळला अन् आमच्या घरात तंटा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर एक चौकट होती, की विषम संख्यांची बेरीज केली तर जितक्या संख्या घेतल्या तितक्याने तिला पूर्ण भाग जातो. आमच्या नातीने (सातवीत आहे) ती चौकट कापून वहीत चिकटवली अन् पाचच मिनिटात माझ्यापुढे येऊन बसली, "आबा, हाई गणितच चुकेल शे." तिने १, ३ अन् ७ घेतले होते, बेरीज ११, आता द्या बरं तीनने भाग. मी जिनिंगमध्ये मुनिमकी करण्यात आयुष्य घातलं, तरी खरं सांगतो आधी तिच्यावरच खेकसलो की पेपरात छापलेलं चुकीचं कसं असेल, मग कागद घेतला अन् गप बसलो.

तर झालं असं की तुमच्याकडून ‘क्रमवार’ हा एक शब्द राहून गेला. क्रमवार विषम संख्या घेतल्या की नियम पक्का आहे. का, ते मी पोरीला कापसावर सांगितलं. तीन भाऊ, एकाचा ७ क्विंटल, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा ११. अकरावाल्याने सातवाल्याला दोन दिले की तिघं नऊ-नऊवर आले, म्हणजे बेरीज तीन नव्वे २७, तीनने भाग जाणारच. पाच भाऊ असोत नाहीतर सात, मधला हलत नाही, बाकीचे जोडीजोडीने त्याच्या बरोबरीला येतात. १, ३, ७ मध्ये मधला ३ पण त्याच्या एका बाजूला दोनचं अंतर अन् दुसऱ्या बाजूला चारचं, बरोबरी होणार कशी?

अन् जिथे संख्या सम मोजणीत आहेत तिथे तर तुमच्या चौकटीवाल्याने उगाच हात आखडता घेतलाय. ७, ९, ११, १३ घ्या, चौघं बरोबरीला आले तर प्रत्येकी १० येतात, अन् हा दहा दोन विषम संख्यांच्या मधोमध पडतो म्हणून तो कायम समच असणार. म्हणजे बेरजेला नुसत्या ४ ने नाही, ८ ने भाग जातो. दोन घेतल्या तर ४ ने, सहा घेतल्या तर १२ ने, दहा घेतल्या तर २० ने. डबल फायदा सोडून दिला राव. पण इथे पण क्रमवारच पाहिजे, १ अन् ५ ची बेरीज ६, तिला ४ ने कुठे भाग जातो.

ही बरोबरीला आणायची युक्ती काही माझी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत तिला मध्यधन म्हटलंय, पहिली अन् शेवटची संख्या मिळवून निम्मं करायचं, त्याला पदांच्या संख्येने गुणलं की सगळी बेरीज हातात. लीलावती ११५० ची अन् आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाचा शिलालेख आहे, शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावरचे वाद चालू द्या, पण त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला तो आपल्याकडे, अन् आपल्याच पोरांच्या वहीत अर्धवट नियम चिकटलेला.

त्या व्हॉट्सॲपवरच्या कोड्याचं पण तेच, १ पासून १५ पर्यंतच्या विषम संख्यांतल्या तीन घ्या अन् ३० करा म्हणतात. भरीत पार्टीला आम्ही आठ-दहा म्हातारे तासभर त्यात गुंतलो, कळण्याच्या भाकरी गार झाल्या. तीन विषम मिळून विषमच येणार, ३० कुठून आणता? मग एक जण ९ उलटा करून ६ करतो अन् ६, ११, १३ सांगून हुशारी मारतो, तेव्हा तो विषम राहिला का?

बाकी नातीला आता नादच लागलाय. शके ११२८ ला ८ ने भाग जातो म्हणून तिने चार क्रमवार विषम संख्या काढल्या, २७९, २८१, २८३, २८५. १२०७ म्हणजे १७ गुणिले ७१, तर ५५ पासून ८७ पर्यंतच्या सतरा विषम संख्या. ११५० वर मात्र दोन दिवस अडली होती अन् अडणारच, सम मोजणीत घेतल्या तर बेरजेला ४ ने भाग गेला पाहिजे, विषम मोजणीत घेतल्या तर बेरीज विषम आली पाहिजे, ११५० दोन्हीत बसत नाही. ते तिचं तिने शोधलं, मी फक्त चहा पीत बसलो होतो.

तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच मापाची चौकट छापा, कोपऱ्यात बारीक टाईपात नको, म्हणजे पोरांना जुनीवर चिकटवता येईल. जागा उरली तर १११४, भास्कराचार्यांचं जन्मसाल, ते पण कोडं म्हणून घाला, क्रमवार विषम संख्यांनी करून दाखवा म्हणावं. उत्तर आमच्या घरी तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक, चाळीसगाव