आरएक्स हंड्रेडचा कार्बोरेटर जिवंत करणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,

सा. न. वि. वि.

बाबांची यामाहा आरएक्स हंड्रेड मोटारसायकल आता पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडत नाही, आणि कात्रजच्या चढावर तिसऱ्यात रेस दिली की बाबांना आठवत होती तशीच ओढते. हे फोनवर सांगितलं तेव्हा "बरं झालं, चालव आता" एवढंच बोलून तुम्ही फोन ठेवलात. कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून लिहून मानतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं मानतोय. घराघरांत कोपऱ्यात जुन्या गाड्या उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना कळायला हवं की नीट काम करणारा माणूस ते कसं करतो.

बाबांची ही आरएक्स १९९१ ची. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांनी मिळून १९८५ च्या अखेरीस ही गाडी भारतात आणली आणि १९९६ पर्यंत ती बनत राहिली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ११ हॉर्सपॉवरच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण गाडी इतकी हलकी की ज्याने ती चालवली तो अजून तिचंच नाव घेतो. बाबांनी ती विकली नाही, नुसती झाकून ठेवली. मी ती बाहेर काढली तेव्हा शहरात हळू चालवली की मिसिंग करायची, म्हणजे अडखळायची, आणि ठिणगी देणारा प्लग पांढरा पडायचा. हायवेला पूर्ण रेस दिली की उलट गुदमरायची. इथे पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी कार्बोरेटरचं, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचं, झाकण न उघडताच सांगितलं, नवा टाका, बाजारात स्वस्तात मिळतो. जुना काढून ठेवायचीही त्यांची तयारी नव्हती, भंगारात द्या म्हणाले.

कोल्हापूरला तुमच्याकडे आणली तेव्हा तुम्ही कार्बोरेटरला हातच लावला नाहीत. आधी टाकी रिकामी करून आतला गंज बघितलात, पेट्रोल कॉकची जाळी काढलीत, एअर फिल्टरचा स्पंज पिळून बघितलात. मग गाडी हळू रेसवर ठेवून मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या, रबरावर स्प्रे मारलात. इंजिनचा आवाज त्या क्षणी बदलला. रबर वरून धड दिसत होतं, क्लॅम्पच्या आतल्या बाजूला मात्र चिरलेलं. "हितनं हवा खातीया," तुम्ही म्हणालात, "कार्बला कशाला शिव्या द्यायच्या?"

टू-स्ट्रोक इंजिन फुकटची हवा खात राहिलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, मग पिस्टन तापतो आणि एके दिवशी चालत्या गाडीत सीझ होतो, जागच्या जागी अडकतो. या गाडीत ऑइल वेगळ्या पंपाने जातं, त्यामुळे ऑइलची टाकी भरलेली दिसली की माणूस निर्धास्त राहतो. पातळ मिश्रणाची उष्णता फक्त प्लग दाखवतो. तो प्लग तुम्ही माझ्या हातात दिलात आणि रोज बघायची सवय लावलीत. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर ठीक, पांढरा पडला तर थांब, काळा ओला आला तरी थांब.

मग कार्बोरेटर उतरवलात. मिकुनी या जपानी कंपनीचा, व्हीएम जातीचा, रेस दिली की सरळ वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा. पांढरं फडकं अंथरून त्यावर प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडलात आणि मला फोटो काढायला लावलेत. त्याची खालची पेट्रोलची वाटी उघडली तेव्हा तळाशी डिंकासारखा पिवळट थर होता आणि पितळेवर हिरवी बुरशी चढलेली. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि त्याचा हा चिकट भाग मागे राहतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून बनणारं अल्कोहोल. तुम्ही ऊसपट्ट्यातले, ते कुठून येतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या जातीचं रबर फुगवतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण किंचित पातळ पडतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गाडी हे पेट्रोल गृहीत धरून बनलेली नाही. "म्हैनाभर हुबी ऱ्हाणार असंल तर वाटी रिकामी करून ठेव," ही तुमची सूचना मी टाकीच्या झाकणाजवळ चिठ्ठी लावून पाळतोय.

पायलट जेट, म्हणजे हळू रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग, तुम्ही उजेडाकडे धरलात. त्यातून उजेडाचा ठिपकासुद्धा येत नव्हता. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलाने मदत म्हणून तार पुढे केली तेव्हा तुम्ही ती त्याच्या हातातून काढून घेतलीत. "तार घालू नगंस बघ, भोक मोठं हुतंय." पितळ मऊ असतं. केसाइतकं जरी भोक वाढलं तरी त्या जेटवर छापलेला भोकाच्या मापाचा नंबर खोटा ठरतो, आणि मग पुढचं सगळं सेटिंग अंदाजावर चालतं. तुम्ही जेट क्लीनरमध्ये रात्रभर भिजवलात, सकाळी हवा मारलीत, परत भिजवलात. दुपारी तो उजेडाकडे धरलात तेव्हा गोल, स्वच्छ ठिपका दिसला. एवढ्याशा भागासाठी दीड दिवस थांबणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

मेन जेटचं कोडं तर तुम्ही जागेवर बसून सोडवलंत. भिंग घेऊन त्याच्या डोक्यावरची खूण शोधलीत. अस्सल मिकुनीच्या जेटवर चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते. आमच्यावर ती नव्हती, आणि नंबर कंपनीच्या नंबरापेक्षा बराच मोठा होता. मधल्या काळात कुणीतरी हळू रेसवरचं मिसिंग घालवायला मोठा मेन जेट बसवून दिला होता. पण मेन जेटचं राज्य पाऊण रेसच्या पुढे. त्याखाली त्याचं जवळपास काही चालत नाही. म्हणून हळू चालवताना मिश्रण पातळ आणि पूर्ण रेसला जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, असे दोन आजार एकाच गाडीला झाले.

हे मला नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. रेसच्या मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने खुणा केल्यात: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. कुठल्या खुणेवर कार्बोरेटरचा कुठला भाग काम करतो तेही सांगितलंत. अगदी सुरुवातीला पायलट जेट आणि हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू, त्यानंतर पाव रेसपर्यंत स्लाइडचा तिरका काप, पावापासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकणारी सुई, म्हणजे नीडल, आणि तिचं नीडल जेट, वर मेन जेट. मग म्हणालात, आता गाडी चालवून ये आणि बिघाड कुठल्या खुणेवर होतो तेवढंच सांग. तात्या, ती पट्टी अजून मुठीवर आहे. इतकी वर्षं गाड्या चालवून मला रेस या गोष्टीचं पोट कधी दिसलं नव्हतं, ते त्या पट्टीने दाखवलं.

पार्ट शोधताना तर तुमचा खरा उपयोग झाला. पुण्यात नाना पेठेत मी दुकानं पालथी घातली. मिळत सगळं होतं. प्रश्न अस्सल काय, हा होता. तुम्ही फोनवरून शिकवलंत: यामाहाच्या पार्ट नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेलची, मधले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगणारे. हे कळल्यावर काउंटरवर "आरएक्सचं द्या" म्हणणं मी सोडून दिलं आणि नंबर दाखवायला लागलो. दुकानदारसुद्धा मग मागच्या फळीवरचे डबे काढतात, हा माझा अनुभव. दुसरं तुम्ही सांगितलंत ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. पितळेचा माल जुना, कंपनी पॅक मिळाला तर डोळे झाकून घे. रबर मात्र कधी जुन्या स्टॉकचं घेऊ नकोस. वीस वर्षं पुडीत पडलेलं रबर न वापरताच वाळलेलं असतं. जुन्या सीलबंद पुडीच्या मोहात भलेभले पडतात. मी मॅनिफोल्ड नव्या बनावटीचं घेतलं, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोट नीडल आणि तिची सीट जोडीनेच घेतली, आणि जेट जुन्या डब्यातून.

स्लाइडची एक नीडल मी आणली ती तुम्ही परत पाठवलीत. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तुम्ही मायक्रोमीटर लावून जुन्या-नव्या नीडलची टोकाकडची जाडी मोजून दाखवलीत. फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता, पण अर्ध्या रेसला गाडीला तो नक्की कळला असता. जुनी नीडल सरळ होती आणि झिजलेली नव्हती, म्हणून तीच परत बसवलीत. ज्यात तुमचा चार पैशांचा फायदा होता तो पार्ट तुम्ही नको म्हणालात, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे.

वाटी रिकामी करायच्या ड्रेन स्क्रूचे आटे गेले होते. सुटी वाटी कुठे मिळेना. तुम्ही ती खिशात टाकलीत आणि उद्यमनगरातल्या शेजारच्या गल्लीत लेथवर घेऊन गेलात. ओतकाम आणि लेथ यांवर कोल्हापूरचा तो भाग किती पिढ्या उभा आहे, हे मी ऐकून होतो. त्या दिवशी बघायला मिळालं. कारागिराने भोक थोडं मोठं करून पितळेची बुश बसवली, आतून नवे आटे पाडले, आणि चहा संपायच्या आत वाटी तुमच्या हातात दिली. आजपर्यंत तिथून पेट्रोलचा एक थेंब गळलेला नाही.

जोडणी झाल्यावर तुम्ही ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वाटीच्या कडेला उभी धरलीत, म्हणजे आतली पेट्रोलची पातळी बाहेर दिसते. फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची, जीभ नखभर वाकवून पातळी बरोबर आणलीत. एअर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा बाहेर, आणि इंजिन पुरतं गरम झाल्यावरच त्याला शेवटचं सेटिंग. थंड इंजिनवर लावलेलं सेटिंग खोटं, हे तुम्ही त्या मुलाकडून पाठ करून घेतलंत. नंतर पन्हाळ्याच्या रस्त्यावर चढाला पूर्ण रेस, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, आणि रस्त्याच्या कडेला प्लग बाहेर. रंग बिस्किटी आला होता. तुम्ही तो प्लग पुसून खिशात ठेवलात, नमुना म्हणून.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाताखाली तो येईल तो आमच्यासारख्यांच्या गाडीवरचाच. म्हणून तुम्ही त्या मुलाला प्रत्येक वेळी जवळ उभं केलंत आणि मलाही केलंत, कामाचं गुपित ठेवलं नाहीत, याचं मोल मला फार वाटतं. कित्येक हुशार मिस्त्री पाठ फिरवून काम करतात. तुम्ही दिवा आमच्याकडे वळवलात.

बाबांनी परवा गाडी कर्वे रोडपर्यंत नेली. मी मागे बसलो होतो. ते फारसं बोलले नाहीत, पण परत येताना लांबचा रस्ता धरला.

दिवाळीनंतर आम्ही दोघं कोल्हापूरला येतोय, गाडी घेऊनच. येताना मॅनिफोल्डचं एक नवं रबर आणि फ्लोट नीडलचा एक कंपनी सेट घेऊन येतो. सांगलीच्या त्या गाडीला लागणार आहे म्हणाला होतात. त्याचे पैसे घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो. काकूंना नमस्कार, आणि त्या मुलाला सांगा, पुण्याहून त्याच्यासाठी भिंग आणतोय.

आपला कृतज्ञ,
पुण्याचा आरएक्सवाला