बाबा, हुकूम परत बोला ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'स्क्रीनविना संध्याकाळ' हा लेख वाचला. हेतू चांगला, चित्रंही देखणी. फक्त लेखाखाली 'आणखी २५ घरगुती खेळांसाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असं छापलंय, ते चुकून की मुद्दाम, एवढं कळवाल का?

लेखात सगळा ठपका पोरांवर ठेवलाय. माझा अनुभव उलटा आहे. मे महिन्यात मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू आठ दिवस आमच्याकडे होते. उन्हामुळे पोराला बाहेर सोडता येईना, म्हणून मी कपाटातला पत्त्यांचा जोड काढला आणि मी, ही आणि तो असे तिघं पाच-तीन-दोन खेळायला बसलो. आमच्या जोडात किलवरची अठ्ठी हरवलेली आहे. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्यावर बॉलपेनने ८ लिहिलाय. ती कोणाकडे आहे हे पाठीमागूनच कळतं, पण तेवढं घरात चालवून घेतात. दहा पानं नातवाच्या मुठीत मावेनात, तेव्हा हिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणून दिला. दुसऱ्या दिवशी जेवणं होताच त्याने स्वतःच खालची पानं बाजूला काढून, बदाम-इस्पिकच्या सत्त्या तेवढ्या परत घेऊन तीस पानं मोजून ठेवली होती. हात ओढताना माझा बदाम एक्का त्याच्याकडे गेला, तर पठ्ठ्या पलंगावर चढून नाचला. तीन दिवस त्याने फोन मागितला नाही.

चौथ्या दिवशी चिरंजीव फोन रोखून दारात उभे. "बाबा, हुकूम परत बोला ना, जरा जोरात!" बोललो. मग उजेड कमी पडतो म्हणून आम्हाला उचलून खिडकीशी बसवलं. तेवढ्यात नातवाने बापाच्या फोनात डोकावून माझी सगळी पानं बघून घेतली आणि तिनाच्या जागी पाच हात केले! संध्याकाळी तिघंही किती जणांनी पाहिलं ते मोजत बसले. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा विचारलं. पण पाचव्या दिवशी पत्ते काढले तर पोराचा पहिला प्रश्न, "बाबा शूट करणारेत का?"

वीस वर्षं कल्याण लोकलमध्ये मांड्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून आम्ही मेंढीकोट खेळलो. शेवटची मेंढी कोणाकडे, याचा निकाल दादरच्या आत लागलाच पाहिजे. त्याला कोणी 'डिजिटल डिटॉक्स' म्हटलं नाही, आणि डब्यात शिव्याही भरपूर असायच्या.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला तुमच्या लेखिकेने दीड ओळ दिली आहे, बाकी जागा निसर्गरम्य रिसॉर्टला. त्या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बंद. लोकांना समजवायला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. भोंगा घरातल्या सगळ्यांसाठी होता, मालिका बघणाऱ्यांसाठीसुद्धा. आमच्या सोसायटीतही 'स्क्रीनमुक्त रविवार' झाला. त्याचं निमंत्रण व्हॉट्सअॅपवर आलं, आणि हजेरीसाठी सेल्फी पाठवायची होती.

जाता जाता आणखी एक. पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर यायचं. गेले काही महिने तिथेही तो चौकोनी ठिपक्यांचा डाग असतो, आणि चौकटींचे आकडे तर भिंगाशिवाय दिसत नाहीत. कालच्या कोड्यात आडवा शब्द होता, 'पत्त्यांतला एक रंग', तीन अक्षरं. मी चौकट म्हणतो, ही बदाम म्हणते, शेजारचे काका इस्पिकवर अडून बसलेत. तिन्ही तीन अक्षरीच, आणि त्याला छेदणारे उभे शब्द आमच्याने सुटलेले नाहीत. कृपया उत्तर छापावे. कागदावर.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)