शिक्षणमंत्री साहेब, शिक्षणाची नोंद तासांत मागू नका

मा. शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी माझ्या मुलीला घरीच शिकवते. नोंदी ठेवायला आमची ना नाही, उलट नोंदी नसतील तर पोरगी पुढे सरकतेय की तिथेच अडकलीये हे आम्हालाच कळणार नाही. पण नोंदी म्हटलं की अधिकाऱ्यांना पहिला आठवतो तो तक्ता, तारीख, विषय, किती तास, पालकाची सही. असा तक्ता महिनाअखेरीला एका बैठकीत भरून होतो साहेब, आणि मूल काय शिकलं ते त्यात कुठेच दिसत नाही.

आमच्या फाइलमधलं सांगते. जूनमधल्या एका कागदावर तिने १/२ + १/३ = २/५ लिहिलंय, वरचे वर मिळवले खालचे खाली. तो कागद तारीख घालून तसाच ठेवला. ऑगस्टच्या कागदावर दोन सारखे आयत, दोन्हींचे सहा-सहा भाग, एकात तीन रंगवलेले दुसऱ्यात दोन, बाजूला ५/६, आणि खाली तिच्या अक्षरात "२/५ तर अर्ध्यापेक्षा पण कमी, मग ते कसं बरोबर?" आता सांगा, गणिताचे तास मोजून यापेक्षा जास्त काय कळणार होतं?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पालक दर तिमाहीला रिपोर्ट देतात, त्यात तासही येतात. पेनसिल्व्हेनियातही वर्षाला १८० दिवसांचा किंवा ठरवून दिलेल्या तासांचा हिशोब आहेच, पण तिथे वापरलेल्या पुस्तकांची यादी आणि मुलाच्या कामाचे नमुने अशी फाइल असते आणि वर्षाच्या शेवटी पात्रता असलेली व्यक्ती ती फाइल बघून मुलाशी प्रत्यक्ष बोलते. मला हे बोलणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण फाइल आईबाप सजवू शकतात (सजवतातही!), पण मुलाला दोन प्रश्न विचारले की कळतंच.

म्हणून घरी शिकणाऱ्या मुलांच्या नोंदींचे नियम करताना एवढं बघा. चुकलेले कागदही फाइलमध्ये चालतील हे स्पष्ट लिहा, नाहीतर सगळे फक्त फेअर केलेलं काम लावतील. डिस्लेक्सिया (म्हणजे अक्षरं वाचायला अडचण) असलेल्या किंवा लिहायला त्रास होणाऱ्या मुलांचं ऑडिओ रेकॉर्डिंगही धरा, एकच उतारा तीन-चार महिन्यांनी परत वाचून घेतला की फरक ऐकू येतो. आणि प्लीज, तपासून झालं की फाइल पालकांना परत द्या, ती स्कॅन करून कुठल्या पोर्टलवर चढवायला लावू नका, त्यात मुलांचे आवाज, फोटो, सगळंच असतं.

आपली,
घरी शिकवणारी एक आई