चार नातवंडं, चार वयं: मे महिन्याआधी आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

मे महिन्यात चौघंही एकदम तुमच्याकडे असतील. आमचं बाळ नऊ महिन्यांचं, ताईचा मुलगा अडीच वर्षांचा, दादाची मुलगी साडेबारा आणि मुलगा सतरा. फोनवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "खातात ना नीट?" चार वयांत या प्रश्नाची उत्तरं चार निघतात, म्हणून हा कागद फ्रिजवर लावून ठेवा.

आधी थोडे आकडे. मूल जन्मतः साधारण 50 सेंमी असतं, वर्षाचं झालं की 75 आणि चार वर्षांचं झालं की 100. म्हणजे पहिल्या एका वर्षात जेवढं वाढतं, तेवढंच वाढायला पुढची तीन वर्षं लागतात. वजनाचंही तसंच. पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट, आणि मग वेग एकदम उतरतो.

बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून तीन-चार वेळा भरवायचं, प्रत्येक वेळी 250 मिलीच्या वाटीने अर्धी वाटी. मऊ वरणभात, खिमट, नाचणीची लापशी, वरून तूप. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट हवं. त्याचं पोट एवढंसं, पातळ पेजेनं ते भरतं पण अंगी काही लागत नाही. मिक्सरमधून काढू नका, चमच्याने कुस्करा. बारीक गुठळ्या जिभेवर फिरवायची सवय याच महिन्यांत लागते. मीठ-साखर वर्षाच्या आत नको. मध तर बोटाला लावूनसुद्धा नको, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते रुजतात. आई, काजळ आणि गुटीवरून आपलं एकदा बोलून झालंय, परत नको.

बाळ तुम्हाला बघून भोकाड पसरेल. मनाला लावून घेऊ नका. आठ-नऊ महिन्यांत त्याला आपली माणसं आणि परकी माणसं यांतला फरक कळू लागतो, तेव्हा हे रडणं चांगल्या वाढीचंच लक्षण. आल्याआल्या हात पुढे करून कडेवर घेऊ नका. खाली सतरंजीवर बसा, माझ्याशी बोला, हातात एखादी वाटी-चमचा वाजवत राहा. ते आपणहून सरकत येईल. पदराआड तोंड लपवून बुवाकुक खेळलात तर फारच उत्तम. नजरेआड गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नाही आणि या खेळात नेमकं तेच पक्कं होतं. म्हणूनच मी बाहेर निघाले की त्याची नजर चुकवून मला पळवू नका. रडलं तरी चालेल, टाटा करूनच जाईन.

वॉकर मात्र कुणाकडून आणू नका. त्यात बसवलेलं मूल पायाच्या चवड्यांनी ढकलत जातं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि पायरीवरून गडगडतं. लाकडी पांगुळगाडा चालेल, कारण तो धरून स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. फक्त जवळ माणूस हवं. एकट्याने चालणं आठव्या महिन्यापासून अठराव्यापर्यंत कधीही सुरू होतं, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात.

आता अडीच वर्षांचे महाराज. "काहीच खात नाही" ही तक्रार याच्याबद्दल होणार. दुसऱ्या वर्षात मूल जेमतेम अडीच किलोनं वाढतं, त्यानंतर वर्षाला दोनेक किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यातून आपण मागे वाटी घेऊन फिरतो, मोबाइल लावून घास कोंबतो, मग दूध प्यायला देतो, आणि दुधानं पोट भरलेलं मूल पोळीकडे ढुंकूनही बघत नाही. दिवसाला 500 मिलीच्या वर दूध नको. जास्त दुधानं जेवण मागे पडतं, अंगात लोह कमी होतं आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. काय वाढायचं आणि कधी, हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू दे. प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा या हिशेबाने वाढा. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला, रागावू नका आणि पुढच्या वेळेपर्यंत बिस्किट देऊ नका. हेच आजी-आजोबांना सर्वांत जड जातं!

तो सतत "नाही" म्हणेल. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यात हा दुसरा. एकीकडे "मी करणार", दुसरीकडे लाज. म्हणून "शर्ट घालतोस का?" विचारू नका, "निळा की पिवळा?" असं विचारा. जमिनीवर लोळायला लागला तर टोकदार वस्तू बाजूला करा, शेजारी बसून राहा, समजावत बसू नका. त्या भरात त्याला शब्द ऐकू जात नाहीत. चड्डी ओली झाली की "शेम शेम" म्हणायची आपल्याकडची पद्धत या वयात विशेष वाईट.

एक गोष्ट अगदी टाळायचीच. बाबा, तुमच्या साखरेच्या गोळ्यांची पट्टी टीपॉयवर असते. त्यांतल्या काही प्रकारांची एकच गोळी एवढ्या मुलाची साखर धोकादायक खाली नेते, आणि तेही काही तासांनी, म्हणजे तोवर सगळं ठीक दिसतं. गोळ्या कपाटात, कुलपात. एखादी कमी भरली तर वाट न बघता दवाखाना गाठा, पट्टी सोबत घेऊन. शेंगदाणे, फुटाणे त्याच्या हाती नकोत. द्राक्ष उभं चिरून द्या. न्हाणीघरातली भरलेली बादली रोज रिकामी करा.

दादाच्या मुलीला पाळी सुरू झालीय. "आता उंची थांबली" हे अर्धंच खरं. झपाट्याने वाढायचं वर्ष पाळीच्या आधी होऊन जातं, पण नंतरही पाच-सात सेंमी वाढ होते. या काळात अंग भरतं, तेव्हा "जाड झालीस" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये, आत्यासुद्धा. वेगळं बसवणं, लोणच्याला शिवू न देणं तर नकोच. तिला शाळेतून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. सुट्टीत ती चुकू नये, जेवणानंतर द्यावी आणि चहा-दुधाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.

सतरावाला दहा वाजेपर्यंत झोपेल. वयात येताना झोपेचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, त्याला रात्री अकराच्या आत झोप येत नाही आणि गरज तर आठ-दहा तासांची असते. सकाळी सहाला पंखा बंद करून काही साधत नाही. बाबा, पाहुण्यांसमोर बारावीच्या टक्क्यांवरून त्याला विचारू नका. जोखीम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. तो गाडीची चावी मागेल, देऊ नका. पण "मोठेपणी काय करणार?" हे त्याला एकट्याला, चालता चालता विचारलंत तर तो तासभर बोलेल.

उंचीच्या खुणा करायच्या असतील तर नीट करा. चप्पल काढून टाचा भिंतीला टेकवायच्या, केस मोकळे, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. पेन्सिलीनं रेघ, बाजूला तारीख. बाळाला भिंतीला उभं करू नका. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवूनच मोजायचं, त्यासाठी फूटपट्टीचा तक्ता मी घेऊन येते.

तुमची,
धाकटी